सातव्या मजल्यावरची टाकी आणि लपून बसलेले निऑन

सातवा_मजला

नमस्कार मंडळी,

गोरेगाव पूर्वेला सातव्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. मार्चमध्ये मुलीच्या वाढदिवसाला माझ्या भावाने दोन फुटी टाकी भेट दिली. फिल्टर, दिवा, खडे आणि मासे असं सगळं घेऊनच आला. दुकानदाराने 'मिक्स' म्हणून बांधून दिले ते मासे असे: सहा निऑन टेट्रा, दोन टायगर बार्ब, दोन काळे विडो टेट्रा, दोन झेब्रा आणि एक एंजल.

आता मे अर्धा संपला. निऑन चारच उरलेत. एक तळाशी मेलेला मिळाला, दुसरा रात्रीतून गायबच झाला. उरलेले चार दिवसभर फिल्टरच्या पाइपामागे एकमेकांना चिकटून उभे असतात. खाणं टाकलं की एखादा पुढे येतो, एक कण उचलून परत मागे. टायगर बार्ब एंजलच्या शेपटीच्या टोकांना चावतात, शेपूट झिरमिळ्यांसारखी झाली आहे. परवा रात्री पाणी प्यायला उठलो, सहज टाकीचा दिवा लावला, तर निऑनची निळी रेघ जवळपास दिसेनाशी झालेली. सकाळी पुन्हा ठीक होती.

दुपारी चारला टाकीतला थर्मामीटर ३२ दाखवतो. ज्यांच्याकडून मासे घेतले ते म्हणाले, मीठ आणि 'ब्लू' टाका. सासूबाई म्हणतात, मासे नऊ असावेत आणि त्यात एक काळा असावा. मुलगी सहावीत आहे, तिला टीव्हीवर दिसतो तसा एकत्र वळणारा थवा हवाय आणि ती रोज विचारते की आपले मासे एकत्र का पोहत नाहीत. मलाही तेच विचारायचंय. शिवाय उरलेले चार वाचवायचे कसे? आणि या उन्हाळ्यात आणखी निऑन आणावेत का?

टिटवाळेकर

आणखी निऑन आत्ता आणू नका. आणि 'ब्लू' मुख्य टाकीत तर मुळीच टाकू नका. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. माशांवर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी असं काही दिसतंय का? नसेल तर औषध कशावर देणार?

पाणी कुठलं वापरता तेही सांगा. महापालिकेचं, बोअरिंगचं की टँकरचं? यावर पुष्कळ अवलंबून आहे. बाकी पाणवठा ताई येऊन सांगतीलच.

पाणवठा

सातवा_मजला, जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मुलीला जे बघायचंय ते मुंबईतल्या घरात नक्की जमतं. त्यासाठी मासा निवडताना आधी आपलं घर बघायचं. वर गच्ची आहे का, ऊन कुठून येतं, नळाला कुठलं पाणी येतं, हे सगळं ठरलं की मासा आपोआप ठरतो.

माझ्याबद्दल थोडं. परळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे, भांडुपला राहते. घरात तीन फुटी टाकी आहे, तिच्यात रमीनोज टेट्रांचा थवा आणि तळाशी कोरी मासे. मासे माझ्या घरात माझ्या वडिलांपासून आहेत. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, त्याच्या पहिल्या काही वर्षांतली गर्दी त्यांनी पाहिली होती आणि गिरगावातल्या खोलीत खिडकीखाली टाकी ठेवायचा हट्ट त्यांनी तिथूनच घेतला.

आता तुमचे मासे मोजू या. पाच जाती आहेत. त्यातल्या चार थव्याने राहणाऱ्या, आणि थवा मात्र एकाही जातीचा नाही. दोन टायगर बार्ब म्हणजे दोन एकटे बार्ब. निऑनला झेब्रा शेजारी असल्याने काही धीर येत नाही. मासा आपल्या जातीला अंगावरच्या पट्ट्यांवरून, रंगावरून, पोहण्याच्या लकबीवरून ओळखतो आणि तिच्यातच मिसळतो. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे की एकत्र पोहायला प्रत्येकाकडे पुरेसे सोबती नाहीत.

थवा हा या माशांसाठी जीव वाचवण्याचा मार्ग आहे. निऑन जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांत त्याच्यावर टपलेले मासे आणि पक्षी असंख्य. शेकडो सारखे मासे एकदम वळले की शिकाऱ्याला एकावर नजर धरून ठेवता येत नाही. शिवाय इतके डोळे पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्येकाला निवांत खाता येतं. वळण्यासाठी ते डोळ्यांचा उपयोग करतात, तसाच अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेचा, जिला पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते. या माशाला चारजणांत ठेवलं की पहारा संपतच नाही. तो लपतो, खात नाही, अशक्त होतो आणि मग एरवी सहज परतवला असता असा आजार त्याला घेऊन जातो. सहा हा आकडा पुस्तकांत किमान म्हणून असतो. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या टेट्रांना दहाच्या खाली ठेवू नये. बारा असतील तर वागणं डोळ्यांदेखत बदलतं.

टायगर बार्बचंही तेच. मोठ्या घोळक्यात ते आपापसात पाठलाग करतात, तिथेच त्यांची रग जिरते. दोघेच असले की ती रग शेजाऱ्यावर निघते, आणि एंजलचे लांब, संथ पर तर त्यांना आमंत्रणच. इकडे एंजल स्वतः मोठा झाला की उंचीला वीतभर होतो आणि निऑन त्याच्या तोंडात मावतो. निसर्गातही तो असलेच छोटे मासे खातो. तुमचा एक निऑन रात्रीतून गायब झाला, त्याचा शोध मी तिथेच थांबवीन.

रात्री रेघ फिकी पडते त्याची काळजी सोडा. निऑनच्या निळ्या रेघेत निळा रंग नसतोच. त्वचेतल्या पेशींत स्फटिकांचे पातळ थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतताना निळा दिसतो. अंधारात थरांमधलं अंतर बदलतं आणि रेघ मावळते. उजेडात काही मिनिटांत परत येते. काळजी तेव्हा करायची, जेव्हा भर दिवसा रेघेत एका जागी पांढरट डाग पडतो, पाठ वाकडी दिसते आणि मासा घोळका सोडून एकटा फिरतो. तो निऑनचा म्हणून ओळखला जाणारा आजार असू शकतो. स्नायूंत शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि त्यावर औषध नाही. असा मासा लगेच वेगळा काढायचा, कारण तो मेल्यावर इतरांनी त्याला कुरतडलं तर लागण पुढे जाते. मेलेला मासा टाकीत रात्रभर राहू द्यायचा नाही, तो याचसाठी.

आता उष्णता, तुमच्या घरातला खरा मुद्दा. निऑनला २२ ते २५ अंश मानवतं. ३२ अंशाला तो तग धरतो इतकंच. पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. माशाचं शरीर भराभर चालू लागतं, त्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो. २५ अंशाला लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ अंशाला सव्वासात. त्यात टाकी मार्चमधली, म्हणजे नवी. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ही साखळी नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवसापासून तेरा मासे टाकीत आहेत, म्हणून ती अजूनही पुरती बसली नसेल. अमोनियाचा विषारी भाग तापमानाबरोबर वाढतो, पीएचबरोबर, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाबरोबर, तर फारच. सातचा पीएच आठ झाला की तो जवळपास दहापट होतो. म्हणून मीठ, ब्लू यांच्या आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासणारे थेंबांचे संच आणा. दोन्हींचा आकडा शून्य हवा. शून्य नसेल तर त्याच दिवशी चौथा हिस्सा पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, आणि खाणं निम्म्यावर आणा.

गारव्यासाठी आजच करता येईल असं सांगते. टाकीचा दिवा दुपारी बंद ठेवा. संध्याकाळी सहाला लावा, रात्री अकराला बंद करा. घरातली माणसं तेव्हाच तर टाकीसमोर असतात. पश्चिमेची खिडकी असेल तर जाड पडदा. झाकण उघडून त्या जागी बारीक जाळी बसवा, झेब्रा उड्या मारतात. संगणकात असतो तसा छोटा पंखा काठावर अडकवून वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने पाणी दीड-दोन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत याहून फार अपेक्षा ठेवू नये. उडालेलं पाणी रोज भरून काढायचं. हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. बर्फाच्या बाटल्या मी सुचवणार नाही. तुमची टाकी काठोकाठ भरली तरी ५६ लिटरची, खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० उरतात. एवढ्या पाण्यात बाटली घातली की तापमान झपकन खाली येतं आणि तासा-दोन तासांत पुन्हा चढतं. त्या हेलकाव्याने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला वाट मिळते.

आणि माशाची निवड बदला. गच्चीखालच्या घरात निऑनशी झगडण्यापेक्षा कार्डिनल टेट्रा घ्या. दिसायला सख्खे भाऊ. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मागच्या अर्ध्या भागातच असतो, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत. कार्डिनल रिओ निग्रो आणि ओरिनोको या नद्यांच्या उबदार पाण्यातला, २८-२९ अंशही सोसतो. पंखा लावून तुमची टाकी ३० च्या खाली राहिली की हा मासा तुमच्याकडे सुखाने राहील. दुसरा पर्याय हार्लेक्विन रासबोरा. मलेशिया, सुमात्रा भागातला, तांबूस अंगावर काळा त्रिकोण. कार्डिनलइतका चमकत नाही, पण नवख्या हातांना जास्त सांभाळून घेतो. माझे रमीनोज थव्याने सर्वांत नेटके पोहतात, सगळी लाल नाकं एका दिशेला. पण त्यांना लांबी हवी, दोन फुटांत मी देणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं राहू दे. नऊ माशांचा, त्यातल्या एका काळ्याचा संकेत मुख्यतः गोल्डफिश ठेवणाऱ्यांचा आहे, आणि गोल्डफिश या टाकीत मावणार नाहीत. बारा कार्डिनल संध्याकाळी दिव्याखाली फिरू लागले की त्या स्वतः खुर्ची ओढून बसतील.

सातवा_मजला

ताई, मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. काल संच आणले. अमोनिया पाव, नायट्राइट अर्धा, म्हणजे शून्य नाहीच. पाणी बदललं, आज अमोनिया शून्याजवळ आला आहे. दिवा संध्याकाळचा केला, पंखा बसवला, दुपारचा आकडा ३० वर आला. अंगावर ठिपके नाहीत.

टिटवाळेकर, पाणी मिश्र आहे. सकाळी महापालिकेचं येतं, पण मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते आणि दोन्ही इमारतीच्या एकाच टाकीत जातं. शेजाऱ्यांकडून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन आणलं. सकाळी थेट नळाला लावलं तर ८० दाखवतं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ४१०. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. मग स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घालू का?

टिटवाळेकर

वाटलंच होतं. टँकरचं पाणी बहुतेक विहिरीचं किंवा बोअरिंगचं असतं, जमिनीतले क्षार घेऊन येतं. मासे ४१० मध्ये मरत नाहीत. त्रास होतो तो आज ४१०, पुढच्या रविवारी ९०, त्यानंतर पुन्हा ४०० अशा उड्यांनी. प्युरिफायर आरओचा असेल तर त्याचं निव्वळ पाणी घालू नका. त्यात क्षार नावालाच उरतात आणि पीएच धरून ठेवणारं काही राहत नाही. नाइलाजच झाला तर टँकरच्या पाण्यात मिसळून आकडा खाली आणा. पण तुमच्याकडे सकाळी थेट नळाला चांगलं पाणी येतंय, मग तेच भरून ठेवा. झाकणाचा एक ड्रम पुरे.

पाणवठा

पूर्ण अनुमोदन. मुंबईला मिळालेलं पाणी टेट्रांसाठी फार चांगलं आहे, आणि हे मी भांडुपला राहते म्हणून सांगत नाही. वैतरणा, तानसा, भातसा या सगळ्या जलाशयांत साठतं ते सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून उतरलेलं पावसाचं पाणी. क्षार कमी, म्हणजे मऊ. बंगळूरच्या, पुण्याच्या काही भागांत बोअरिंगवर टेट्रा पाळणाऱ्यांना यासाठी वेगळी यंत्रणा लावावी लागते, आपल्याकडे ते नळातून येतं. काढायचं असतं ते फक्त क्लोरीन. भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून निघताना ते पाण्यात असतं आणि असायलाच हवं, आपल्यासाठी. माशांच्या कल्ल्यांना मात्र ते भाजतं.

ड्रममध्ये हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) सोडून चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब. ते साधारण सोडियम थायोसल्फेट असतं, लगेच काम करतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणांत गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढू शकते, त्या आठवड्यांत दोन्ही करा. सोसायटीने टाक्या धुवायची नोटीस लावली असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका, ब्लीचिंग पावडरचा अंश राहतो.

ड्रमला घट्ट कापड बांधा. उघडं साठवलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास, आणि पालिकेची माणसं घरोघर बघायला येतात ती त्यासाठीच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिका विहिरींत गप्पी मासे सोडते. आपल्या घरातून मात्र एकही मासा कधी तलावात सोडायचा नाही, नकोसा झालेला सकर मासा तर नाहीच. परदेशी सकर आपल्या तलावांत फोफावतात आणि तिथल्या मूळ माशांची जागा खातात.

एक आणखी, कारण तुमच्या सोसायटीत ते नक्की असेल. देशी बदामाचं झाड. त्याची आपोआप गळलेली, पूर्ण वाळून तपकिरी झालेली पानं उचलून आणा, धुवा, एक पान टाकीत सोडा. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. कार्डिनलच्या मूळ नदीचं पाणी असंच, पडलेल्या पानांच्या टॅनिनने काळपट झालेलं, म्हणून तर तिचं नाव रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी. त्या रंगाच्या पाण्यात त्यांचा लाल पट्टा जो उठून दिसतो तो नितळ पाण्यात दिसत नाही. रस्त्याच्या कडेची, फवारणी झालेल्या बागेतली पानं घेऊ नका. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा, आणि वर थोडी तरंगती वनस्पती. डोक्यावर सावली असली की थवा मोकळ्यात येतो, हे मी माझ्या टाकीत कायम बघते. तळाला व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावा, उन्हाळा सोसते.

ओढा

एक वेगळी बाजू मांडतो. तुमच्याकडचे दोन झेब्रा देऊन टाकण्याआधी विचार करा. थव्याचा मासा म्हटलं की आपण ॲमेझॉनकडे बघतो, पण झेब्रा आपल्याच उपखंडातला आहे. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राच्या संशोधनासाठी हाच मासा पाळतात, कारण तो काटक आहे आणि त्याची अंडी पारदर्शक असतात, आत वाढणारा जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. गारवा, उकाडा दोन्ही सोसतो. दहा झेब्रा दोन फुटी टाकीत दिवसभर धावतात. तुमच्या मुलीला स्थिर थव्यापेक्षा ती धावपळ आवडेलही.

'मिस केरळ' नावाने दिसणारा लाल पट्ट्याचा बार्ब मात्र घेऊ नका. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या नद्यांतला आहे, दुकानांसाठी इतका पकडला गेला की आज संकटग्रस्त गणला जातो. आणि पाच-सहा इंच वाढतो, तुमच्या टाकीत मावणारही नाही.

पाणवठा

ओढा यांचं बरोबर आहे, पर्याय म्हणून झेब्रा उत्तम. फक्त झेब्रा आणि कार्डिनल एकत्र नकोत. झेब्राची सततची धावपळ शांत टेट्राला दमवते आणि खाणं त्याच्याआधी फस्त होतं. एक जात निवडा, मुलीला निवडू द्या.

सातवा_मजला

मुलीने कार्डिनल निवडले. तिची अट एकच, उरलेले चार निऑन कुठेही द्यायचे नाहीत. बार्ब, विडो आणि एंजल माझ्या ऑफिसमधल्या एकांकडे चार फुटी टाकी आहे, तिकडे जातील. झेब्रा खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे, त्याच्याकडे आधीच आठ आहेत.

आता शेवटचे प्रश्न. निऑन आणि कार्डिनल एकत्र चालतील का? कार्डिनल कधी आणू आणि कुठून? आणि दरवर्षी गणपतीला आम्ही आठवडाभर देवगडला जातो. तेव्हा शेजाऱ्यांना किल्ली देऊन खाणं टाकायला सांगू का?

पाणवठा

तुमच्या लेकीचं मला फार आवडलं. चार निऑन राहू द्या. दोन्ही जातींचं जमतं, बऱ्याचदा निऑन कार्डिनलांच्या मागोमाग फिरतात. त्यांचा स्वतःचा थवा होणार नाही, पण पाइपामागून बाहेर नक्की येतील. त्यांच्यासाठी पाणी २८-२९ च्या वर जाऊ नये याकडे लक्ष ठेवा.

कार्डिनल आत्ता आणू नका. अमोनिया, नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य राहू द्या, तोवर जून उजाडेल आणि हवाही उतरेल. कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळतील. कुठल्याही दुकानात नव्या मालाची पिशवी फुटली त्या दिवशी घेऊ नका. आपल्याकडचे बरेच शोभेचे मासे चेन्नई, कोलकात्याहून येतात. चेन्नईचं कोळत्तूर तर त्यांच्या पैदाशीसाठीच ओळखलं जातं. कार्डिनल तर काही वेळा थेट ब्राझीलच्या नदीतून पकडलेले, कित्येक हातांतून गेलेले असतात. प्रवासाने खचलेला मासा पहिल्या काही दिवसांत मरतो. आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या, आणि दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. खायला धावतात ते घ्यायचे. त्याच टाकीत एखादा जरी मेलेला किंवा ठिपक्यांचा दिसला तर त्या टाकीतला एकही नको, कितीही सुंदर असले तरी. बारा एकदम घ्या. दोन-दोन करून आणले तर प्रत्येक खेपेला नवा आजार येण्याची शक्यता आणि प्रत्येक खेपेला थवा अपुरा.

दुपारच्या लोकलने आणू नका. संध्याकाळी उशिरा किंवा सकाळी आणा, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत. घरी दिवा बंद करून बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी आत घालत जा, तासभर. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. घरी जास्तीची छोटी टाकी आणि स्पंज फिल्टर असेल तर दोन-तीन आठवडे नवे मासे तिथेच ठेवा. पांढरे ठिपके तेवढ्यात उघडे पडतात. त्या परजीवीवर औषध चालतं ते तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच, माशाच्या अंगात शिरलेला असताना नाही, म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येच थांबवायचं नसतं.

पहिला दिवस खाणं नाही. नंतर दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, बारीक दाणे. त्यांचं तोंड लहान असतं, मोठे दाणे ते उचलून थुंकतात. दुकानात जिवंत ट्युबिफेक्स किडे मिळतात, घेऊ नका, ते सांडपाण्यातून येतात. गोठवलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) आठवड्यातून एकदा दिलात तर रंग खुलतो.

पावसाळ्यात सोसायटीत धुराची फवारणी होते, तिचा आवाज आला की लगेच खिडक्या बंद करा, टाकीवर ओला टॉवेल घाला आणि हवेचा पंप बंद करा, धूर विरेपर्यंत. त्यातलं डासांचं औषध माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतं आणि पंप ते थेट पाण्यात ढकलतो. डासांसाठी आपण भिंतीला लावतो ती यंत्रं आणि अगरबत्त्याही टाकीच्या खोलीत नकोत. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर त्या माणसाला टाकीची खोली वगळायला सांगा.

देवगडला निश्चिंत जा. मोठे झालेले निरोगी टेट्रा आठवडाभर न खाता नीट राहतात. त्या दिवसांत त्यांना खरा धोका असतो तो प्रेमाने चमचाभर दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्यांचा, कारण न खाल्लेलं सगळं सडून अमोनिया होतो. निघायच्या दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली धरू नका, जिवाणू जातील. दिवा टायमरवर लावा. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, पण फक्त पंप आणि फिल्टर चालू आहेत का हे बघायला. आणि वीज गेली तर चालणारा बॅटरीचा छोटा हवापंप टाकीशेजारी ठेवून तो कसा सुरू करायचा हे त्यांना जायच्या आधी एकदा दाखवून ठेवा.